थोरलीची नकाशांची वही

वाचकहो, आमची थोरली पाच वर्षं शिकून आर्किटेक्ट झाली. वाटलं, सुटलो! तर म्हणते, "आप्पा, लंडनला काम बघते."

तालुक्याच्या एका दलालाने तीन लाख मागितले. विहिरीकडचा अर्धा एकर गहाण टाकायला मी निघालोच होतो. थोरलीने त्याला सरकारी नोंदणी क्रमांक विचारला. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला १९८३ च्या कायद्याने तो लागतो. गडी पुन्हा फिरकला नाही. तुमच्या दारी असा कोणी आला, तर आधी हेच विचारा.

शिवाय तिथल्या नोंदणीवाचून विलायतेत स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. नवख्याने सहायक म्हणूनच राबायचं. आणि बघतात काय, तर नकाशांची वही. पोर्टफोलिओ म्हणतात तिला. थोरलीने आमचा गोठासुद्धा मापं घेऊन त्यात काढला. वही पन्नास ठिकाणी पाठवली. चार उत्तरं आली, चारही नकाराची.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९५१ साली पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले, ते पहिले आठ महिने बिनपगारी राबले म्हणे. बिनपगारी राबणं आपल्याला नवं नाही हो, पण तिथलं भाडं कोण भरणार?

सध्या ती नाशकात एका कचेरीत अनुभव घेते आहे. वही जाड होत चालली आहे. पहिलं पान अजून गोठ्याचंच आहे.