तारेचा वेग, तबकडीचा वेग

हार्ड डिस्कच्या खोक्यावर ठळक छापलेला वेग बहुतेक वेळा केबलचा असतो. तबकडीवरून माहिती किती वेगाने उचलली जाते, हे कळायला तबकडीचे फेरे, एका वर्तुळावर मावणारे सेक्टर आणि थोडा गुणाकार लागतो. जुन्या डिस्कांमधून माहिती काढून देणे हा माझा व्यवसाय असल्याने हा गुणाकार माझ्या अंगवळणी पडला आहे.

१९८० साली शुगार्ट टेक्नॉलॉजीने, म्हणजे पुढच्या सीगेटने, एसटी-५०६ ही ५ मेगाबाइटची डिस्क काढली. तिच्या जोडणीची पद्धत इतकी रुळली की तिच्या घराण्यातली १० मेगाबाइटची डिस्क १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटीमध्ये जाऊन बसली. डिस्कला दोन चपट्या केबल असत: ३४ तारांची हुकमांसाठी, २० तारांची माहितीसाठी. डिस्क स्वतः तशी मठ्ठच. वाचणाऱ्या डोक्याखालून जे स्पंद जातील ते जसेच्या तसे तारेवर सोडायचे, त्यातून बिट वेगळे काढणे कंट्रोलर कार्डाचे काम. तारेवरचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट, म्हणजे सव्वासहा लाख बाइट.

आता तबकडीकडे बघू. मिनिटाला ३६०० फेरे, म्हणजे सेकंदाला ६०. एका वर्तुळावर १७ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. गुणाकार येतो सव्वापाच लाखांच्या जरा खाली. उरलेले लाखभर बाइट सेक्टरांचे पत्ते, तपासणीचे आकडे आणि मधल्या मोकळ्या जागांत खर्ची पडतात.

एवढा वेग तरी पदरात पडायचा का? नाही. एक सेक्टर वाचायला साधारण एक मिलिसेकंद लागे. तो तपासून, मेमरीत पोचवून कार्ड आणि संगणक मोकळे होईपर्यंत पुढचा सेक्टर डोक्याखालून निघून गेलेला असे. सर्क्युलर मार्गावरची बस चुकली की तीच गाडी फिरून येईपर्यंत थांब्यावर ताटकळावे लागते, तशी गत. यावर तोडगा म्हणून सेक्टरांना लागोपाठचे क्रमांक देतच नसत. पहिल्यानंतर पाच जागा सोडून दुसरा, आणखी पाच सोडून तिसरा. यालाच इंटरलीव्ह म्हणत. एक्सटीचा इंटरलीव्ह सहास एक होता, म्हणजे अख्खे वर्तुळ वाचायला सहा फेरे. हाती पडणारा वेग सेकंदाला अवघा ८५ किलोबाइट. केबलवर पाच मेगाबिट लिहिलेले, आणि पोचायचा त्याचा सातवा हिस्सा.

गंमत पुढे आहे. याच कार्डावर कोणी उत्साहाने पाचास एक इंटरलीव्ह ठेवला, तर वेग वाढण्याऐवजी कोसळायचा. प्रत्येक सेक्टर थोडक्यात हुकायचा आणि प्रत्येकासाठी फेऱ्याहून जास्त वाट बघावी लागायची. आकडा ३० किलोबाइटच्याही खाली. इंटरलीव्ह ठरवायला डीबग हा प्रोग्राम उघडायचा, सी८००:५ या पत्त्यावर उडी मारायची, की अनेक कार्डांचा लो लेव्हल फॉरमॅटचा मेनू समोर यायचा आणि इंटरलीव्ह विचारायचा. त्या एका आकड्यावर संगणकाचा स्वभाव ठरे. पुढे एक्सटीनंतरच्या एटी संगणकाच्या वेगवान कार्डाने तीनास एकवर काम भागवले आणि तबकडी तीच राहून वेग दुप्पट झाला. मला विचाराल तर त्या दशकातली खरी सुधारणा डिस्कच्या बाहेर घडली.

आरएलएल, ईएसडीआय हे मधले टप्पे भराभर गेले. मग आयडीई या जोडणीने कंट्रोलर डिस्कच्याच पाठीवर चढवला. आता डिस्क स्वतःच्या बफरमध्ये वर्तुळ भरून ठेवू लागली आणि इंटरलीव्हची कटकट संपली. मात्र मग आकड्यांची चढाओढ सुरू झाली: सेकंदाला ३३, ६६, १००, १३३ मेगाबाइट. साठीच्या पुढे जाताना शेजारच्या तारांचा गोंगाट आवरेना, म्हणून प्लग ४० पिनांचाच ठेवून केबलमध्ये ८० तारा घातल्या. जादा चाळीस फक्त जमिनीला जोडलेल्या. हे काम उत्तम, पण '६६' वाल्या बहुतेक घरगुती डिस्कांच्या तबकडीवरून तेव्हा जेमतेम वीसेक मेगाबाइट उचलले जात. बफरमध्ये आधीच असलेल्या तुकड्यापुरता तो ६६ खरा, हे दुकानदार सांगत नसे.

स्कझी या दुसऱ्या जोडणीचे आकडे मात्र मी प्रामाणिक मानतो. १९८६ च्या मानकात सेकंदाला ५ मेगाबाइट होते, शेवटी ३२० पर्यंत पोचले. पण स्कझीची वाट सर्व डिस्कांची सामाईक. एक डिस्क डोके हलवत असताना वाट सोडून देई, तेवढ्यात दुसरी बोलून घेई. पाच-सहा डिस्का एकदम कामाला लागल्या की रुंद वाट सत्कारणी लागे. घरच्या एका डिस्कसाठी स्कझी घेणे ही हौस होती.

आज साटा या जोडणीची तार सेकंदाला ६०० मेगाबाइट नेते. एसएसडीला ती तोकडी पडली. फिरत्या डिस्कला मात्र तिची निम्मीही लागत नाही. कारण भूमितीचे आहे. बिट बारीक केले की क्षमता लांबी आणि रुंदी दोन्हींनी वाढते, पण वाचण्याचा वेग फक्त लांबीने. परिणामी एक्सटीची १० मेगाबाइटची डिस्क ८५ किलोबाइटच्या गोगलगायीनेही दोन मिनिटांत पूर्ण वाचून होई. आजची २० टेराबाइटची डिस्क २५० मेगाबाइटने वाचायला बावीस तास लागतात, तोही वेग आतल्या वर्तुळांवर टिकत नाही. म्हणून मोठ्या संचांत एकाऐवजी दोन डिस्कांपुरती जादा माहिती ठेवतात. गेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरून होईपर्यंत आणखी एक गेली, तरी माहिती हातची जात नाही.