मधली पांढरी जागा

पहिलीच्या मुलाला अक्षरांबरोबर पानही शिकवावं लागतं. डावीकडून उजवीकडे जायचं, ओळ संपली की खालच्या ओळीवर परत डावीकडे यायचं. आपण हे इतक्या लहानपणी शिकतो की पुढे आठवतही नाही. संगणकाला मात्र प्रत्येक पानाला ते नव्याने ठरवावं लागतं!

सध्या मला जुनी छापील पानं स्कॅन करून त्यांचा मजकूर काढायचं वेड लागलंय. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. मुळात ह्युलेट-पॅकार्डचा, २००५ साली सर्वांना खुला झाला, पुढे गूगलने वाढवला. त्याला मराठीही वाचता येतं. अक्षरं ओळखण्याआधी तो पानाची मांडणी बघतो. चित्र कुठे, मजकूर कुठे, रकाने किती... आमच्या घोटीच्या पावसात कागदाला ओल लागते, तिचा डागही त्याला कधी कधी चित्र वाटतो.

रकान्यांचंच बघा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये पानावर दोन उभे रकाने असत, एक मराठी, एक इंग्रजी. ते पान आडवं वाचलं तर अर्धी ओळ मराठी आणि अर्धी इंग्रजी अशी खिचडी होईल. अशा पानाला प्रोग्रॅमचा नेहमीचा पर्याय, क्रमांक ३, योग्य. त्यात तो मधली पांढरी जागा हेरून रकाने आपोआप वेगळे करतो.

पण प्रत्येक पांढऱ्या जागेचा अर्थ तोच नसतो. माझ्याकडे एका शाळेची जुनी स्मरणिका आहे. तिच्या शेवटी देणगीदारांची यादी आहे, डावीकडे नावं आणि उजवीकडे रुपये. पर्याय ३ ने आधी सगळी नावं काढली, मग त्याखाली सगळे आकडे. त्यात एक पुसट आकडा गळला आणि पुढचा प्रत्येक आकडा एकेक नाव वर सरकला. भाताच्या गिरणीवाल्या शेटजींच्या नावावर एका मजूर बाईंचे दोन रुपये लागले!

इथे पर्याय ६ कामाला येतो. 'सगळं पान हा एकच ठोकळा आहे' असं तो धरतो आणि ओळ सरळ आडवी वाचतो. नाव आणि रक्कम एकाच ओळीत राहतात. पुसट आकडा तेवढा भिंग घेऊन मूळ पानावरून भरायचा.

त्या दोन रुपयांची किंमत त्या बाईंनाच ठाऊक. उद्या कुणी नातवंड आजीचं नाव शोधत आलं, तर नावापुढे तिचेच दोन रुपये दिसायला हवेत.

तुमच्यापैकी कुणाकडे अशी स्मरणिका असेल तर ३०० डीपीआयवर स्कॅन करा, आणि सगळा गठ्ठा लावण्याआधी एकच पान काढून मुळाशी ताडून बघा. मजकुराचे रकाने असतील तर ३, याद्या असतील तर ६. बाकी यंत्र करतं, पण पान कसं वाचायचं हे आधी आपणच सांगायचं.