खातं उघडंच आहे

मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या एका किराणा दुकानदाराचे मी ३८ रुपये देणं लागते. डिसेंबर २०१६ पासून.

नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता. १ डिसेंबरला राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते धसईत रोकडरहित व्यवहारांचा शुभारंभ झाला आणि आठवड्याभरात मी कल्याणहून एसटीने तिथे पोचले. नवा फोन आला की त्याचं कौतुक लिहायचं, एवढीच तोवर माझी तंत्रज्ञान-पत्रकारिता. 'वडापावही कार्डावर' हा मथळा मी बसमध्येच ठरवून टाकला होता.

पाण्याची बाटली, बिस्किटं, डोकेदुखीची गोळी: ३८ रुपये. कार्ड घासलं, मशीन नुसतं लाइन शोधत बसलं. काकांनी ते दारापाशी नेलं, हात उंच करून धरलं, परत आणलं. माझ्या पर्समध्ये दोन हजारांची एकच नोट. तिचे सुटे अख्ख्या बाजारात कोणाकडे नव्हते. मग त्यांनी गल्ल्याखालून लाल कापडी बांधणीची वही काढली आणि लिहिलं, 'पेपरवाल्या ताई – ३८'. रोकडरहित गावात मी उधारीवर आले!

"उद्घाटनाला सगळेच येतात, ताई. पावसाळ्यात या," ते म्हणाले. "आणि म्हसा गावच्या यात्रेला बैल कसा घेतात तेही बघा एकदा."

जुलैत गेले. त्यांनी मशीनचं झाकण उघडून आतला पावत्यांचा रोल माझ्या हातात दिला. डिसेंबरात घातलेला तोच. अजून मनगटाएवढा जाड. वर हळदीचं बोट उमटलेलं. कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

पुढे जे काही शोधलं, ते असंच. कंपनीचं पत्रक बाजूला ठेवायचं आणि रोल कुठे आहे ते हुडकायचं. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. तिथेही मी समारंभानंतर कित्येक वर्षांनी गेले, शेतात झिजलेल्या अंगठ्यांच्या रेषा यंत्राला दिसतात का ते बघायला. जानेवारी २०१८ मध्ये 'द ट्रिब्यून'च्या रचना खैरा यांनी एका दलालाला ५०० रुपये देऊन आधारची माहिती दाखवणारं लॉगिन मिळवलं, तेव्हा आमचे जाणकार सुरक्षेच्या भिंतींच्या जाडीवर चर्चा करत होते. बाईंनी खिडकीत कोण बसलंय ते पाहिलं होतं. त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला तो वेगळाच. ती बातमी वाचताना मला हळदीचं ते बोट आठवत होतं.

आता काकांच्या बरणीवर क्यूआर कोड चिकटवलाय आणि बऱ्याचदा तो चालतोही. मागच्या खेपेला गुपचूप ३८ रुपये पाठवले. फोन बघून काका म्हणाले, "हे फोनातले. वहीतले वेगळे." नाव काही खोडलं नाही.

जूनमध्ये काका माल भरायला मुरबाडला आले की तिथून त्यांचा फोन येतो.

"पाऊस लागला, ताई. गावात रेंज नाही. कधी येताय?"