चाकोरी

मित्रांनो, "चाकोरी सोडा, नव्या वाटेनं चला!" असं बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी तुम्हाला कधी ना कधी सांगितलं असेलच. आमच्या शाळेतही सांगितलं होतं. मी ते इतकं मनावर घेतलं, की एकदा खरोखरच चाकोरी सोडली. तीही सायकलवरून! त्याचीच ही गोष्ट.

पण आधी परवाचं सांगतो. माझा भाचा आठवीत आहे. त्यानं मला फोनवर एक फिल्म दाखवली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं रेडवूड झाडांचं जंगल. मान कितीही मागं टाका, शेंडा दिसायचा नाही! त्यातलं सगळ्यात उंच झाड २००६ साली सापडलं. त्याची उंची ११५ मीटरहून जास्त, म्हणजे आपल्या कुतुबमिनारच्या दीडपटीपेक्षाही अधिक. अशा झाडांच्या बुंध्यांमधून हेल्मेट घातलेली पोरं झोकात सायकली हाणत होती.

भाचा म्हणाला, "मामा, आपल्या बीड जिल्ह्यात असं काहीच नाही. नुसता माळ अन् बाभळी!"

मी म्हटलं, "अरे, तुझा मामा याच जिल्ह्यात, जंगलातनं सायकल चालवत शाळेत जायचा!"

त्याचा विश्वासच बसेना. तुमचा तरी बसतो का? बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरांमध्ये नायगाव मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. १९९४ साली ते खास मोरांसाठी राखून ठेवलं गेलं. इथली झाडं आभाळाला टेकत नाहीत. खैर, हिवर, बोर, बाभूळ, सीताफळ अशी काटक मंडळी. उन्हाळ्यात सगळ्या जंगलाचा खराटा होतो. पण मृगाच्या दोन सरी पडू द्या, आठ दिवसांत डोंगर हिरवा होतो आणि पहाटे मोरांच्या ओरडण्यानं जाग येते.

आमचं गाव या जंगलाच्या कडेला. मी सातवीत होतो आणि शाळा शेजारच्या गावात. जायला जुनी गाडवाट होती. बैलगाड्यांच्या चाकांनी तिच्यावर दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या. माझ्याकडे वडिलांची जुनी, काळी, बावीस इंची सायकल. सीटवर बसलं की पायडल खाली जाताना पायातून सुटायचं. गियर वगैरे प्रकार नव्हता. मडगार्ड असं खडखडायचं, की आम्ही येतोय हे सगळ्या डोंगराला कळायचं.

ही गाडवाट डोंगराला मोठा वळसा घालून ओढ्याकडे उतरायची. आम्हाला तो वळसा नकोसा व्हायचा. ओढा तर वरून समोरच दिसतोय, मग एवढं फिरून कशाला जायचं? एके दिवशी मी सायकल सरळ उतारावर घातली. गवतातनं, बोराट्यांमधनं, धाडधाड खाली! पोटात गोळा आला, पण मजा काय विचारता! दुसऱ्या दिवशी माझ्या मागून माझा चुलतभाऊ आला, तिसऱ्या दिवशी आणखी दोघं. महिन्याभरात उतारावर एक वीतभर रुंदीची पांढुरकी रेघ उमटली. ती 'माझी' वाट होती. बाभळीच्या काट्यांनी ट्यूबची चाळण झाली, तरी मी ती सोडली नाही.

मग पावसाळा आला. श्रावणातली एक सकाळ होती. गवत गुडघ्याच्या वर वाढलेलं. मी नेहमीसारखा वेगात उतरलो आणि पुढच्या चाकासमोरनं एकदम 'फड् फड्' करत एक लांडोर उडाली. मी ब्रेक दाबला, पण ओल्या मुरमावर चाक घसरलं. सायकल एकीकडे, मी एकीकडे. उठून बघतो तर गवताच्या बुडाशी एक खळगा, त्यात पाच अंडी, फिकट बदामी रंगाची. त्यांतली दोन चाकाखाली फुटली होती.

मोर रात्री उंच झाडावर झोपतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून अंडीही झाडावरच घालत असतील, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं, मुलांनो. लांडोर जमिनीवर, गवताच्या किंवा झुडपाच्या आडोशाला खळग्यात अंडी घालते. महिनाभर ती एकटीच उबवते. मोर त्यात मदत करत नाही. तिच्याजवळ दडून बसण्याखेरीज दुसरं काही संरक्षण नसतं. आणि मी नेमका तिच्या आडोशातून वाट काढली होती.

त्या दिवशी मी शाळेत गेलोच नाही. घरी जाऊन आबांना, म्हणजे आजोबांना, सगळं सांगितलं. वाटलं, आता काठी येणार! पण आबा काही बोलले नाहीत. उठून माझ्याबरोबर आले. आम्ही लांब एका झाडाखाली दुपारपर्यंत बसून राहिलो. लांडोर परत आली नाही.

"आबा, उरलेली अंडी घरी नेऊन कोंबडीखाली ठेवू या का?" मी विचारलं.

"न्हाई. मोराचं अंडं घरी न्यायचं नसतं, कायदा हाय. गार्डाला सांगू."

वनरक्षक आले, त्यांनी बघितलं, तेही म्हणाले, हात लावू नका, कदाचित येईल ती. पण तिसऱ्या दिवशी त्या खळग्यात टरफलंसुद्धा नव्हती. मुंगसानं नेली की कोल्ह्यानं, कोण जाणे.

आबा एवढंच म्हणाले, "तुला ठावं हाय का, गाडवाट वळसा कामून घेती? आपल्या म्हाताऱ्यांना काय सरळ जाता येत नव्हतं?"

आणि त्यांनी मला ते समजावलं. भरली गाडी बैलांना सरळ चढावर ओढवत नाही. म्हणून जुन्या लोकांनी वाट डोंगराला आडवी नेली. त्यामुळे आणखी एक गोष्ट साधली. पावसाचं पाणी आडवी वाट ओलांडून पलीकडे निघून जातं. माझी वाट मात्र सरळ खाली होती. चाकांनी गवत मेलं, जमीन दबली, पन्हळ तयार झाली. पाणी त्याच पन्हळीतून धावणार आणि जाता जाता मुरूम-माती घेऊन जाणार. आमच्या डोंगरावर मातीचा थर आधीच पातळ. एकदा गेला की खाली खडक!

गार्डकाकांच्या परवानगीनं आम्ही चौघांनी दोन रविवार खपून ती वाट बंद केली. वरच्या तोंडाशी बोराटीचे फास टाकले, पन्हळीत जागोजागी आडवे दगड रचले. निम्म्या उतारापर्यंत काम झालं. मग सहामाही परीक्षा आली आणि खालचा निम्मा भाग राहूनच गेला.

मित्रांनो, पुढे मोठा झाल्यावर मी वाचलं, की डोंगरावरच्या सायकलींचा हा खेळ कॅलिफोर्नियातच रुजला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट तमालपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथली पोरं जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायची आणि सुसाट खाली सोडायची. पायडल उलटं फिरवून लावायचे ब्रेक इतके तापायचे, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर उतारानंतर नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या परिसरातल्या एका रस्त्याचं नावच पडलं 'रीपॅक'. १९७६ साली तिथं पहिली शर्यत झाली. पुढे पायी फिरणारे लोक आणि सायकलवाले यांची भांडणं जुंपली आणि नियम आले. त्या डोंगरावर ताशी सुमारे २४ किलोमीटरपेक्षा जास्त वेग नाही, आंधळ्या वळणावर तर फक्त ८!

आणि ते सगळ्यात उंच रेडवूड? त्याला बघायला लोक वाट सोडून जाऊ लागले. रेडवूडची मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. पायांनी तुडवून झाडाच्या बुडाची जमीन उघडी पडली. शेवटी २०२२ साली त्या झाडाजवळ जायलाच बंदी घालावी लागली. म्हणजे एवढं प्रचंड झाड, पण त्यालाही आपल्या पावलांचा त्रास होतोच.

गेल्या हिवाळ्यात मी भाच्याला नायगावला घेऊन गेलो. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती काढली. एक वनरक्षक सोबत होते. गाडवाटेनं सायकली चालवत आम्ही त्या उतारापाशी आलो. वरच्या भागात, जिथं आम्ही दगड रचले होते, तिथं माती साठून गवत माजलं होतं. वाट कुठं होती, हे मलाही ओळखू येईना. खालच्या भागात मात्र घळ पडली होती. भाचा तिच्यात उतरला, तर त्याच्या छातीपर्यंत आली.

"मामा, हे तू केलंस?"

"एकट्यानं नाही. पण पहिलं चाक माझं होतं."

तो बराच वेळ घळीत उभा राहून बघत होता. मग वर आला. वनरक्षकांकडे बघून म्हणाला, "काका, इथं दगड रचले तर चालतील का?" ते हसून हो म्हणाले. दुपारी परत निघेपर्यंत आम्ही तिघांनी तीन आडव्या ओळी रचल्या. घळ मोठी आहे. पुन्हा जावं लागेल.

तेव्हा दोस्तांनो, जंगलात सायकल जरूर चालवा. आईबाबांनाही बरोबर न्या. आधी परवानगी घ्या, वळणावर वेग कमी करा, समोर कुणी पायी येत असेल तर उतरून वाट द्या. पावसाळ्यात गवतात तर शिरूच नका. आणि नवी वाट? ती गणितात शोधा, चित्रात शोधा, खेळात शोधा. जंगलात मात्र जुनी चाकोरीच बरी. तिच्या कडेच्या गवतात कुणीतरी दडून बसलेलं असतं.