करदोड्याची किल्ली

मला लाईनचं काम शिकवणारे तात्या सातवी शिकलेले होते आणि १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला छत्तिसावा नियम त्यांना तोंडपाठ होता. पुस्तक इंग्रजीत. सबस्टेशनला आलेल्या एका तरुण इंजिनीअर साहेबांकडून त्यांनी तो मराठीत समजून घेतला आणि वहीच्या पानावर लिहून काढला. तारेला किंवा यंत्राला हात लावण्याआधी अर्थिंग करून तिच्यातली वीज उतरवायची. शेजारच्या तारेपासून धोका असेल तर तिचीही उतरवायची. आणि माणूस कामावर असताना ती तार चुकूनही चार्ज होणार नाही याचा बंदोबस्त करायचा. एवढाच तो नियम. मी तेहतीस-चौतीस वर्षं लाईनवर काढली, दोन्ही हात-पाय शाबूत घेऊन निवृत्त झालो, ते या पानामुळे आणि ते माझ्याकडून रोजच्या रोज गिरवून घेणाऱ्या माणसामुळे.

सांगलीच्या आयटीआयमधून तारतंत्री होऊन मी १९८८ मध्ये मदतनीस म्हणून कृष्णाकाठच्या एका सेक्शनला रुजू झालो. वीज मंडळाच्या अजून कंपन्या झालेल्या नव्हत्या. आईला ही नोकरी नको होती. आमच्या गावातला एक वायरमन पोलवरच गेला होता आणि त्याला खाली उतरवताना तिने पाहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती एसटीने सेक्शनला आली, तात्यांना गाठलं आणि म्हणाली, "माझ्या पोराला सांभाळा." तात्या म्हणाले, "वहिनी, मी न्हाई सांभाळणार. मी रोज त्याच्या संगं असंन असं न्हाई. त्याचं त्याला सांभाळायला शिकवतो." आईला हे उत्तर तेव्हा कोरडं वाटलं. घरी येऊन ती माझ्यावरच चिडली.

तात्यांच्या कमरेला करदोड्यात एक छोटी पितळी किल्ली बांधलेली असे. ती एबी स्विचच्या हँडलला लावायच्या कुलपाची. स्विच खाली ओढून लाईन तोडली की हँडलला कुलूप, किल्ली कमरेला, आणि मग परमिट, म्हणजे सबस्टेशनची लेखी परवानगी, घेतलेला माणूस पोलवर. म्हणजे सबस्टेशनमधला ऑपरेटर बदलला, पाळी बदलली, कुणी घाईत येऊन हँडल वर करायला गेलं, तरी तो पोल चालू होणार नाही. खात्याने कुलूप दिलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या पैशाने बाजारातून घेतलेलं. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, काम असेल तर किटकॅट फ्यूजच्या ग्रिपा काढून त्या आपल्या पिशवीत टाकायच्या आणि पिशवी खांद्याला लावूनच वर चढायचं, खाली ठेवायची नाही. विजेचा धंदा करणाऱ्याने दुसऱ्याच्या शब्दावर जगू नये, असं ते मानत. त्यांच्या भाषेत: "ऑपरेटर सांगतो ते कानानं ऐकायचं. लाईन बंद हाय का ते डोळ्यानं बघायचं. आणि खात्री अर्थिंगनं करायची."

डोळ्याने बघायचं म्हणजे काय, ते त्यांनी मला उन्हात उभं करून शिकवलं. एबी स्विचला तीन फेजची तीन ब्लेड असतात. हँडल पूर्ण खाली आलं तरी गंजामुळे, वाकलेल्या दांड्यामुळे एखादं ब्लेड अडकून राहतं. दोन फेज मेलेल्या, एक जिवंत. खालून हँडल पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. म्हणून मान वर करून तिन्ही ब्लेड उघडी दिसली पाहिजेत, आणि "एक, दोन, तीन" असं मोठ्याने मोजायचं. मला याची लाज वाटायची. रस्त्याने जाणारे लोक बघायचे. तात्यांना लोक बघतात याचं काहीच नव्हतं.

त्यांचा सर्वांत कडक राग वेळेच्या बोलीवर होता. आमच्या धंद्यात तेव्हा सर्रास चालायचं: "अर्ध्या तासात काम उरकतो, बरोबर सव्वाअकराला लाईन चालू कर." घड्याळं जुळवून माणसं पोलवर चढायची. बोल्ट अडकला, क्लॅम्प निसटला, हात चुकला की सव्वाअकरा वाजायचे आणि माणूस वरच असायचा. तात्या अशी बोली करणाऱ्याबरोबर कामाला जात नसत. परमिट ज्याने घेतलं त्यानेच ते परत करायचं, तेही सगळी माणसं खाली उतरवून, मोजून, अर्थिंग काढून, आणि ऑपरेटरकडून फीडरचं नाव पुन्हा वदवून घेऊन.

एकदा उन्हाळ्यात, उसाला पाण्याची पाळी आलेली असताना, जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, तुटला. पन्नास-साठ शेतकरी डीपीभोवती जमले. सबस्टेशनचा फोन लागत नव्हता, म्हणजे परमिट नाही. वरिष्ठ साहेब जीपमधून आले आणि म्हणाले, एवढ्यासाठी काय परमिट घेता, वर चढा आणि पाच मिनिटांत मारून टाका. तात्या सायकलवर बसले आणि सबस्टेशनला गेले. ऊन मी म्हणत होतं. परमिट लिहून घेऊन आले, मग काम केलं. साहेबांनी त्यांना मेमो दिला. तात्यांनी त्याला उत्तर लिहिलं आणि उत्तरात फक्त नियम क्रमांक ३६ लिहिला. त्या दिवशी पोलवर मी चढणार होतो. ती सायकलची फेरी माझ्यासाठी होती हे मला तेव्हाही कळलं होतं, पण मी काही बोललो नाही, आणि त्यांनीही बोलू दिलं नसतं.

बाकीच्या गोष्टी बारीक होत्या, पण रोजच्या. रबरी हातमोजा घालण्याआधी त्याच्या तोंडाकडून गुंडाळत न्यायचा, आत कोंडलेली हवा बोटांकडे येते. कुठे फुस्स झालं तर तो मोजा बाद. अंगठी, साखळी, घड्याळ पेटीत. नायलॉनचा शर्ट नाही, सुती. अर्थिंग लावताना आधी जमिनीकडचं टोक, मग तारेकडचं. काढताना बरोबर उलट. काम जिथे आहे त्याच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग, कारण वीज कुठल्या बाजूने येईल हे सांगता येत नाही. आयटीआयमध्ये आमच्या सरांनी गणित घालून दाखवलं होतं की शंभर वॅटचा बल्ब घेतो त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या करंटनेही माणसाच्या हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. ते गणित मी परीक्षेत लिहिलं, गुण मिळाले. पोलवर चढताना ते आठवत नाही. पोलवर हात आपोआप जे करतो तेच खरं शिक्षण, आणि ते तात्यांनी माझ्या हाताला दिलं.

सबस्टेशनच्या भिंतीवर विजेच्या धक्क्यावरच्या प्रथमोपचाराचा तक्ता असायचा. तो लावणं नियमानेच बंधनकारक होतं. पालथा झोपवलेला माणूस आणि त्याच्या पाठीवर दाब देणारा दुसरा, असं त्यावरचं चित्र. तात्या दर महिन्याला आमच्यापैकी एकाला जमिनीवर पालथं झोपवून सराव करायला लावत. सांगत, "मेला असं आपण म्हणायचं न्हाई. ते डॉक्टर म्हणंल. तवर दाबत ऱ्हायचं." पुढे नव्या पद्धतीच्या वर्गात छातीवर दाब द्यायला शिकलो, तेव्हा शिकवणाऱ्या डॉक्टरांनी एक हकीकत सांगितली. ही पद्धत १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून जगापुढे आली. ती मांडणाऱ्या तिघांत डॉक्टर एकच, जेम्स ज्यूड. बाकीचे दोघे, गाय निकरबॉकर आणि वयाने सर्वांत मोठे विल्यम कौवेनहोव्हन, हे डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते. विजेच्या धक्क्याने लाईनमन फार मरतात म्हणून वीज कंपन्यांनी त्या संशोधनाला पैसा दिला होता, आणि हे काम १९२० च्या दशकापासून चाललेलं होतं. आज रेल्वे स्थानकावर, लग्नाच्या हॉलमध्ये कुणी कोसळलं आणि कुणी त्याची छाती दाबून त्याला परत आणलं, तर त्या विद्येचं मूळ पोलवर मेलेल्या माणसांत आहे. मी हे तात्यांना जाऊन सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मला दाखव, कसं दाबायचं." वयाच्या सत्तरीत त्यांनी उशीवर ते शिकून घेतलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी धरतात. पाणी उतरलं तेव्हा डीपीच्या पेट्यांत गाळ, पोल आडवे, तारांवर वाहून आलेलं गवत आणि चिंध्या. गावंच्या गावं अंधारात, आणि लोक आमची वाट बघत रस्त्यावर उभे. एका अकरा हजारच्या लाईनीवर काम होतं. परमिट हातात, सबस्टेशनचा ब्रेकर बंद, एबी स्विचची तिन्ही ब्लेड मोजून उघडी, कुलूप लावलेलं. कुठल्याही कागदाने ती लाईन मेलेली होती. मी अर्थिंगचं जमिनीकडचं टोक पक्कं केलं, रॉड उचलला आणि तारेला लावायला गेलो. निळसर ठिणगी उडाली, चर्र असा आवाज झाला.

पुढच्या वस्तीत एका इमारतीने जनरेटर लावला होता. घराच्या बोर्डात सरळ वायर खोचलेली, मधे चेंजओव्हर स्विच नाही. ती वीज घरातून सर्व्हिस वायरने डीपीवर आली. डीपीतला ट्रान्सफॉर्मर अकरा हजारचे ४३३ व्होल्ट करतो. उलट बाजूने भरला की तोच चारशेचे पुन्हा हजारो करतो. त्याला दिशा कळत नाही. माझ्या मागे शिडीला हात लावून दोन पोरं उभी होती, दोघंही कंत्राटी, एकाचं त्याच वर्षी लग्न झालेलं. अर्थिंग न लावता हात घातला असता तर त्या दिवशीच्या बातमीत आम्ही असतो.

पूर ओसरल्यावर मी तात्यांच्या घरी गेलो. ते ऐंशीच्या घरात होते, निवृत्त होऊन वीसेक वर्षं झालेली. काकूंनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "आधी कुठलं टोक लावलंस?" मी म्हणालो, जमिनीकडचं. "मग झालं," म्हणाले, आणि काकूंना म्हणाले, याला जेवल्याशिवाय सोडू नको. त्या जेवणात भाकरी आणि पावट्याची आमटी होती. आईने मला त्यांच्या हवाली केलं त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. आता ती नव्हती; असती तर त्या कोरड्या उत्तराचा अर्थ मी तिला सांगितला असता.

तात्या दोन वर्षांनी गेले. त्यांच्या हाताखाली काम करणारा एकही माणूस लाईनवर दगावला नाही.

वीज नियम बदलले. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३ मध्ये पुन्हा नवे आले. क्रमांक बदलले, पण तार आधी डिस्चार्ज करायची हे बदललं नाही. प्रशिक्षणही वाढलं आहे. विद्युत सुरक्षा सप्ताह होतो, मलाही कधी बोलावतात. एसी हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवतात, हजेरीपटावर सह्या होतात, हार-तुरे होतात. मला हे पुरेसं वाटत नाही, आणि मी तिथेच तसं सांगतो. सगळ्यांत धोक्याचं काम आज कंत्राटी आणि नव्या पोरांकडून होतं, आणि नेमकी तीच त्या हॉलमध्ये नसतात, कारण ती फॉल्टवर गेलेली असतात. शिक्षण पोलच्या पायथ्याशी झालं पाहिजे, जाणत्या माणसाच्या हाताखाली, रोजच्या कामात, आणि परमिटशिवाय चढायला नकार देणाऱ्या पोराच्या पाठीशी साहेबाने उभं राहिलं पाहिजे. मेमो देता कामा नये. मी जातो तिथे पोरांना बाहेर पोलखाली नेतो आणि तिन्ही ब्लेड मोठ्याने मोजायला लावतो. त्यांनाही लाज वाटते. वाटू दे.

आणि वाचकहो, तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात, दुकानात, मंगल कार्यालयात जनरेटर लावणार असाल तर आधी चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे तुमची वीज आमच्या तारेवर येणार नाही. लाईट गेल्यावर डीपीचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊ नका, आणि पोलवर माणूस दिसला तर "किती वेळ लागंल?" म्हणून खालून ओरडू नका. चेंजओव्हर स्विच तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो.