पैसे माझ्याच खात्यात, मतं मात्र त्यांची!

नाणी माझ्या खात्यातून हललीसुद्धा नाहीत, आणि तरी कमाई सुरू झाली! भेटेल त्याला मी सध्या हेच ऐकवतोय.

ही किमया हाइव्ह नावाच्या ब्लॉकचेनवरची. २०२० च्या सुरुवातीला जस्टिन सन या उद्योजकाने स्टीम या ब्लॉकचेनमागची स्टीमइट कंपनी विकत घेतली, ते ज्यांना रुचलं नाही त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये स्टीमपासून वेगळी चूल मांडली. तीच हाइव्ह. इथे लोक लेख लिहितात, इतर लोक त्यांना मत देतात आणि सात दिवसांनी मोबदला वाटला जातो: अर्धा लेखकाला, अर्धा मत देणाऱ्यांना. वाचून दाद दिली तरी पैसे! मताचं वजन ठरतं तुम्ही गुंतवून ठेवलेल्या नाण्यांवर. त्याला हाइव्ह पॉवर म्हणतात.

पण पूर्ण ताकदीच्या एका मताला मतशक्तीतले सुमारे २ टक्के खर्च होतात आणि दिवसाला २० टक्के भरून येतात. म्हणजे रोज दहा मतं. नोकरी सांभाळून रोज दहा चांगले लेख शोधायचे कुणी? आणि शक्ती शंभर टक्के भरली की पुढची वायाच जाते.

इथे मतदान सेवा येतात. आपली पॉवर त्यांना डेलिगेट करायची, म्हणजे वापरायला द्यायची. एक व्यवहार, शुल्क शून्य, तीन सेकंदांत ब्लॉकमध्ये नोंद. आपल्यासारख्या अनेकांची पॉवर एकत्र करून ते मतं देतात आणि मिळालेला मोबदला ज्याच्या-त्याच्या हिश्श्याने वाटतात. शेत वाट्याने कसायला दिल्यासारखं: सातबारा माझ्याच नावावर! त्यांना ती पॉवर विकता येत नाही, दुसरीकडे पाठवता येत नाही. साखळी चालवणारे विटनेस निवडण्याचा माझा हक्कही माझ्याकडेच राहतो. नको वाटलं की डेलिगेशन काढून घ्यायचं. पाच दिवसांत पॉवर परत हाताशी.

हा पैसा येतो कुठून, हे तर मी आधी खणून काढलं. साखळी सतत नवी नाणी तयार करते. त्यातली ६५ टक्के लेखक-वाचकांच्या निधीत, १५ टक्के पॉवर धरून बसलेल्यांना, १० विटनेसना आणि १० विकासनिधीला. म्हणजे नव्या नाण्यांपैकी जवळपास एक तृतीयांश केवळ मतं देणाऱ्यांसाठी! जो मत देत नाही, त्याचा वाटा हळूहळू पातळ होत जातो. हे कळल्यावर गप्प बसवेल का?

सेवा निवडताना मात्र मी केवळ परताव्याचा आकडा पाहिला नाही. स्टीमच्या काळात पैसे घेऊन कुणालाही मत विकणाऱ्या बॉटांचा सुळसुळाट झाला होता. ऑगस्ट २०१९ च्या बदलात मत देणाऱ्यांचा वाटा वाढवून मोबदल्याच्या निम्म्यापर्यंत नेला, विरोधी मतं (डाउनव्होट) काही प्रमाणात फुकट केली, आणि त्या धंद्याची हवा गेली. फार बरं झालं! मी निवडलेल्या सेवेत माणसं लेख वाचून मत देतात. सगळं खुल्या वहीत दिसतं, म्हणून रात्री ती यादी उघडून बसलो. व्हेनेझुएलातलं कुणी आपल्या स्वयंपाकाबद्दल लिहिलेलं, कुणी अळंब्यांचे फोटो टाकलेले. माझ्या चिमूटभर पॉवरचा भार त्या मतांत आहे, या कल्पनेनेच मी हरखून गेलो.

भाव मात्र रोज वरखाली होतो. शिवाय पॉवर पुन्हा विकण्याजोग्या नाण्यांत आणायची तर तेरा आठवडे हप्त्याहप्त्याने मिळते. भारतात विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोही धरून चाला. घरखर्चाचा पैसा इथे नकोच. मी सगळी पॉवर दिलेली नाही. काही स्वतःच्या मतांसाठी ठेवलीय, कारण मराठीत कुणी काही चांगलं लिहिलेलं सापडलं तर ते मत मला स्वतःच द्यायचंय.