शनिवारचा दाखला

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्राएल समाजाला ‘शनवार तेली’ म्हणत. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवतात, एवढीच त्यांच्या धर्माची शेजाऱ्यांना ओळख होती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे या समाजाची परंपरा सांगते. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली आणि गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे पडली. पुढे घाणे सुटले, मंडळी मुंबईत येऊन सुतार, कारकून, सैनिक झाली.

माझ्या वडिलांचे एक स्नेही या समाजातले सुतार होते. दोघे अलिबाग तालुक्यातल्या एकाच गावचे. आम्ही मुले त्यांना मिस्त्रीकाका म्हणत असू. माझगावातल्या भाड्याच्या गाळ्यात ते कपाटे, टेबले, दारे-खिडक्या करीत. शुक्रवारी दुपार कलली की रंधा, पटाश्या, गुण्या पुसून पेटीत ठेवायच्या, आणि रविवारी शहर सुटीवर असताना पुन्हा काढायच्या, हा त्यांचा क्रम. शनिवारी गाळा बंद म्हणून काही गिऱ्हाइके तुटली. काकांनी त्याची कधी तक्रार केली नाही. सागाच्या दाराला चौकटीत किती फट ठेवायची, हे ते आषाढातली हवा मनात धरून ठरवीत. पावसाळ्यात फुगून अडणारे दार त्यांना स्वतःची बेअब्रू वाटे.

१९६३ साली ते बायको आणि तीन मुलांसह इस्राएलला गेले. नेगेव्हच्या वाळवंटात १९५५ मध्ये वसवलेल्या दिमोना गावी त्यांना घर मिळाले. नव्या वसाहतींच्या इमारती भराभर उठत होत्या, तेव्हा सुताराला काम होते. पण ते शटरिंगचे. काँक्रीट ओतण्यापुरते फळ्यांचे साचे ठोकायचे आणि ते आळले की उखडायचे. खिळ्यावाचून सांधा बसवणाऱ्या माणसाच्या हाती आता दिवसभर खिळेच असत. घरासाठी त्यांनी एक कपाट केले, तर कोरड्या हवेने वर्षभरात त्याच्या फळ्या आक्रसून सांधे उघडे पडले. ‘लाकडाचा स्वभाव इथे नव्याने शिकतो आहे,’ असे त्यांनी वडिलांना लिहिले होते.

त्याहून अवघड गोष्ट निराळीच होती. १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मपीठाने असे निर्देश काढले होते, की बेने इस्राएलांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्यांची आई, आजी अशी मागे जाता येईल तितकी वंशाची पडताळणी करावी. समाज खवळला, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले. १९६४ मध्ये सरकारने आणि संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि ते निर्देशही बदलण्यात आले. त्या उन्हाळ्यातल्या काकांच्या पत्रातले एक वाक्य वडील नेहमी सांगत: ‘आजीचा दाखला कुठून आणू? दर शनवारी आमचा घाणा बंद असे, गावाला विचारा.’

या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा उलगडला. कोकणात आणि मुंबईत काकांचे ज्यूपण त्यांच्या बंद गाळ्यावर दिसत होते. त्यासाठी त्यांनी गिऱ्हाइके गमावून, म्हणजे रोख पैशात, किंमत मोजली होती. इस्राएलमध्ये शनिवारी सगळा देशच थांबतो. तिथे त्यांच्या शनिवारला साक्षीदार उरला नाही. उरले ते मराठी, नारळाच्या दुधातले मटणाचे कालवण आणि एलियाहू हन्नबींच्या नावाने केलेला पोह्यांचा मलिदा. यांमुळे शेजारी त्यांना ‘होदी’ म्हणजे हिंदी म्हणू लागले. मुलांना मराठीत विचारावे आणि उत्तर हिब्रूत यावे, असे घर झाले. दोन्ही मुलगे सैन्यातली सक्तीची सेवा करून कारखान्यात लागले; पटाशी कुणी हाती धरली नाही. काकांनीही आग्रह केला नाही. साचे ठोकण्याचा वारसा कुणाला द्यायचा, असे त्यांना वाटले असावे.

भारत-इस्राएल संबंध १९९२ मध्ये पूर्णपणे प्रस्थापित झाले, त्यानंतर दोनेक वर्षांनी ते एकदाच येऊन गेले. वडिलांबरोबर गावी गेले, तेव्हा घाण्याची जागा दाखवायला एक म्हातारा पुढे झाला. ‘शनवार तेल्याचं ना तुम्ही?’ असे त्याने विचारले. काका ‘हो’ म्हणाले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. ज्या दाखल्यासाठी ते एकेकाळी गावाकडे बोट दाखवत होते, तो गावाने न मागता दिला होता. तोवर त्याची गरज संपून तीस वर्षे झाली होती.